तटस्थ ४३ देशांत भारत
पॅलेस्टिनींच्या हक्कांना भारत कुठवर साथ देतो आणि कुठे थांबतो, याचा आकड्यांतून घेतलेला शोध

बाजूने १२४, विरोधात १४, तटस्थ ४३. १८ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लागलेला हा निकाल. पॅलेस्टिनी प्रदेशावरचा बेकायदा ताबा इस्रायलने १२ महिन्यांच्या आत संपवावा, अशी मागणी करणारा तो ठराव होता. आमसभेच्या मतफलकावर बाजूने मत देणाऱ्या देशापुढे हिरवा दिवा लागतो, विरोध करणाऱ्यापुढे लाल आणि तटस्थ राहणाऱ्यापुढे पिवळा. त्या दिवशी भारतापुढे पिवळा दिवा होता.

त्याआधी चार महिने, १० मे २०२४ रोजी, पॅलेस्टाईन संयुक्त राष्ट्रांच्या पूर्ण सदस्यत्वाला पात्र आहे असे सांगणारा ठराव १४३ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला; २५ देश तटस्थ राहिले. भारताचे मत बाजूने होते. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी, १९६७ पासून व्यापलेल्या प्रदेशातून इस्रायलने माघार घ्यावी असे म्हणणारा ठराव १५७ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला, तटस्थ ७. तिथेही भारत बाजूने होता.

म्हणजे ताबा संपला पाहिजे, हे भारताला मे महिन्यात मान्य होते आणि डिसेंबरमध्येही. मग सप्टेंबरच्या ठरावात वेगळे काय होते? त्यात तारीख होती आणि इतर देशांनी करायची कामे होती. इस्रायली वसाहतींमध्ये तयार झालेला माल आयात करणे थांबवण्याच्या दिशेने पावले टाकावीत, आणि व्याप्त प्रदेशात वापरली जाण्याची सबळ शंका असेल तिथे इस्रायलला शस्त्रे देऊ नयेत, असे त्यात लिहिले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोनच महिन्यांपूर्वी दिलेल्या मताची ती अंमलबजावणी होती.

गेल्या दहा वर्षांतील भारताची मते एकापुढे एक मांडली की हीच रेषा पुन्हा पुन्हा दिसते. हक्क मान्य करायचा असेल तर भारत हात वर करतो. हक्क मोडणाऱ्याला जाब विचारायचा असेल तर तटस्थ राहतो. या रेषेमागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पण ती रेषा योग्य आहे असे मला वाटत नाही, आणि तसे का वाटत नाही हेही आकडेच सांगतात.

ताबा म्हणजे नेमके काय

वेस्ट बँकेचे क्षेत्रफळ, पूर्व जेरुसलेम धरून, सुमारे ५,६५५ चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसे मोठे. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटरची. हे दोन्ही भाग इस्रायलने जून १९६७ च्या युद्धात जिंकले.

१९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन विभाग केले. ‘अ’ विभाग सुमारे १८ टक्के जमिनीचा. तिथला कारभार आणि पोलिस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे. ‘ब’ विभाग सुमारे २२ टक्के. नागरी कारभार पॅलेस्टिनींचा, सुरक्षेवर इस्रायलचा वरचष्मा. उरलेला सुमारे ६० टक्के ‘क’ विभाग पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणात. ही व्यवस्था पाच वर्षांच्या संक्रमणकाळासाठी होती. ती आजही चालू आहे.

‘क’ विभागात पॅलेस्टिनी कुटुंबाला घरावर एक खोली चढवायची असेल, शेतात विहीर खणायची असेल, तर इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो. असे जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले जातात. परवान्याविना बांधले तर पाडकामाची नोटीस येते. शेजारच्या टेकडीवरच्या वसाहतीला मात्र रस्ता, वीज, पाणी आणि पहारा मिळतो. एकाच भूभागात राहणाऱ्या दोन माणसांवर एकाच आरोपाखाली खटला झाला, तर पॅलेस्टिनी माणूस लष्करी न्यायालयात उभा राहतो आणि वसाहतीतला इस्रायली नागरी न्यायालयात.

१९९३ साली पहिला ऑस्लो करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार इस्रायली वसाहतवासी होते. आज ही संख्या ५ लाखांच्या वर आहे. पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांहून अधिक धरले तर एकूण आकडा ७ लाखांपुढे जातो. चौथ्या जिनिव्हा करारानुसार ताबा घेणाऱ्या देशाला आपले नागरिक व्याप्त प्रदेशात वसवता येत नाहीत. सुरक्षा परिषदेने २३ डिसेंबर २०१६ रोजी ठराव २३३४ मध्ये हेच पुन्हा सांगितले. तो ठराव १४ विरुद्ध ० मतांनी संमत झाला आणि अमेरिका तटस्थ राहिली.

१९ जुलै २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लागार मत दिले. इस्रायलचे व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील अस्तित्वच बेकायदा असल्याचा निष्कर्ष १५ पैकी ११ न्यायाधीशांनी मान्य केला. त्या ११ जणांमध्ये भारताचे दलवीर भंडारी होते. न्यायाधीश तिथे आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत, त्यामुळे त्यांचे मत ही भारताची भूमिका ठरत नाही. पण भारतीय कायदेपरंपरेत घडलेल्या एका ज्येष्ठ न्यायाधीशालाही हा निष्कर्ष पटला, याची नोंद घ्यायला हवी.

१९४७ ते १९९२: उघड बाजू

भारताची पहिली नोंद विरोधाची आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, १० देश तटस्थ राहिले. विरोध करणाऱ्या १३ देशांत नुकताच स्वतंत्र झालेला भारत होता. या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या ११ देशांच्या समितीतही भारत होता आणि इराण व युगोस्लाव्हियाबरोबर त्याने फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. स्वतःच्या देशाची फाळणी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

१७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली. मात्र दूतावास उघडू दिला नाही. १९५३ पासून इस्रायलचे भारतातले अस्तित्व होते ते मुंबईतल्या वाणिज्य दूतावासापुरते. कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली मराठी कुटुंबांचा दोन्ही देशांना जोडणारा धागा त्या काळातही तुटला नव्हता.

१९७४ मध्ये यासर अराफात यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनींची एकमेव अधिकृत प्रतिनिधी मानणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश ठरला. १९७५ मध्ये संघटनेचे कार्यालय दिल्लीत उघडले आणि १९८० मध्ये त्याला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्समध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राची घोषणा झाली; तीन दिवसांत, १८ नोव्हेंबरला, भारताने मान्यता दिली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांना त्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आज संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देश पॅलेस्टाईनला राष्ट्र मानतात. त्या यादीच्या पहिल्या पानावर भारत आहे, ही आपल्या परराष्ट्र धोरणाची खरी कमाई.

२९ जानेवारी १९९२ रोजी भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. सोव्हिएत संघ कोसळला होता, आपली गंगाजळी आटली होती, अरब देश स्वतः माद्रिदच्या परिषदेत इस्रायलसमोर बसले होते. तो निर्णय रास्त होता. एका देशाशी संबंध ठेवणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीला संमती देणे नव्हे. पुढची बावीस-तेवीस वर्षे भारताने हे बऱ्यापैकी सांभाळले.

सतरा मतदाने

आता निवडक पण महत्त्वाची १७ मतदाने पाहू. आकडे अनुक्रमे बाजूने, विरोधात, तटस्थ असे आहेत.

भारत बाजूने:

– २० जुलै २००४, आमसभा: वेस्ट बँकेतील भिंतीबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत इस्रायलने पाळावे. १५०–६–१०
– १६ ऑक्टोबर २००९, मानवाधिकार परिषद: गाझा युद्धावरील गोल्डस्टोन अहवालाला पाठिंबा. २५–६–११
– २९ नोव्हेंबर २०१२, आमसभा: पॅलेस्टाईनला बिगर-सदस्य निरीक्षक राष्ट्राचा दर्जा. १३८–९–४१
– २३ जुलै २०१४, मानवाधिकार परिषद: गाझातील घटनांसाठी चौकशी आयोग. २९–१–१७
– २१ डिसेंबर २०१७, आमसभा: जेरुसलेमचा दर्जा एकतर्फी बदलू नये. १२८–९–३५
– १२ डिसेंबर २०२३, आमसभा: गाझात तातडीने युद्धबंदी. १५३–१०–२३
– १० मे २०२४, आमसभा: पॅलेस्टाईनची सदस्यत्वाची पात्रता. १४३–९–२५
– ३ डिसेंबर २०२४, आमसभा: पॅलेस्टाईन प्रश्नाची शांततामय सोडवणूक. १५७–८–७
– ११ डिसेंबर २०२४, आमसभा: बिनशर्त आणि कायम युद्धबंदी. १५८–९–१३
– १२ सप्टेंबर २०२५, आमसभा: द्विराष्ट्र तोडग्यावरील न्यूयॉर्क जाहीरनामा. १४२–१०–१२

भारत तटस्थ:

– ३ जुलै २०१५, मानवाधिकार परिषद: २०१४ च्या चौकशी अहवालावर उत्तरदायित्व. ४१–१–५
– २७ मे २०२१, मानवाधिकार परिषद: नवा, कायमस्वरूपी चौकशी आयोग. २४–९–१४
– ३० डिसेंबर २०२२, आमसभा: ताब्याच्या वैधतेवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवणे. ८७–२६–५३
– २७ ऑक्टोबर २०२३, आमसभा: गाझात मानवतावादी विराम. १२१–१४–४४
– ५ एप्रिल २०२४, मानवाधिकार परिषद: उत्तरदायित्व आणि इस्रायलला शस्त्रे न देणे. २८–६–१३
– १८ सप्टेंबर २०२४, आमसभा: १२ महिन्यांत ताबा संपवणे. १२४–१४–४३
– १२ जून २०२५, आमसभा: युद्धबंदी, उपासमारीचा निषेध आणि पालनासाठी सदस्य देशांनी उपाय योजणे. १४९–१२–१९

दहा वेळा बाजूने, सात वेळा तटस्थ, विरोधात एकदाही नाही. पण बेरजेपेक्षा ही मते कुठे वळली ते पाहणे महत्त्वाचे.

२०१४ आणि २०१५ एकत्र वाचा. जुलै २०१४ मध्ये भारताने चौकशी आयोग नेमण्यासाठी मत दिले. वर्षभराने त्याच आयोगाचा अहवाल आला, तेव्हा ४१ देश बाजूने होते आणि भारत पाच तटस्थ देशांत होता. दोन्ही वेळी दिल्लीतले सरकार एकच होते.

२००४ आणि २०२४ एकत्र वाचा. हेगच्या न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी भिंत बेकायदा ठरवली. सुमारे ७०० किलोमीटरच्या नियोजित भिंतीचा ८५ टक्के भाग १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर नसून वेस्ट बँकेच्या आत आहे. अकरा दिवसांत आमसभेने ते मत पाळण्याची मागणी केली आणि भारत तिच्या बाजूने उभा राहिला. वीस वर्षांनी त्याच न्यायालयाने संपूर्ण ताबाच बेकायदा ठरवला, तेव्हा भारत तटस्थ झाला. मधल्या काळात न्यायालयाकडे प्रश्न नेण्यालाच भारताने मत दिले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मधील सुनावणीत सुमारे ५० देशांनी बाजू मांडली. बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान तिथे होते, भारत नव्हता.

आणि ५ एप्रिल २०२४ हा एकच दिवस घ्या. जिनिव्हाच्या त्याच सभागृहात पॅलेस्टिनींच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कावर मतदान झाले: ४२ बाजूने, २ विरोधात, ३ तटस्थ. भारत बाजूने. वसाहतींच्या विरोधातील ठरावालाही भारताने साथ दिली. पण तोच हक्क मोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शस्त्रांचा विषय निघाला तेव्हा भारत १३ तटस्थांत जाऊन बसला.

सात तटस्थ मतांपैकी सहांचा गाभा चौकशी, न्यायालय, शस्त्रे, मुदत किंवा उत्तरदायित्व हा आहे. सातवे, ऑक्टोबर २०२३ चे, दहशतवादाच्या मुद्द्यावरचे.

सरकारची बाजू

सरकारची कारणे पोकळ नाहीत. त्यांना त्यांचे माप द्यायला हवे.

पहिले कारण दहशतवादाचे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. २७ ऑक्टोबरच्या ठरावात हमासचा निषेध नव्हता. तो घालणाऱ्या कॅनडाच्या दुरुस्तीला भारताने मत दिले, दुरुस्ती पडली, भारत तटस्थ राहिला. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यू पाहुणे आणि यजमान कसे मारले गेले, हे ज्या शहराने पाहिले त्याला ही संवेदना समजावून सांगावी लागत नाही. पण १२ डिसेंबर २०२३ च्या ठरावातही हमासचे नाव नव्हते आणि त्याला भारताने मत दिले. म्हणून हे कारण एका मतापुरते खरे. उरलेल्या सहांना ते लागू होत नाही.

दुसरे कारण संवादाचे. सप्टेंबर २०२४ आणि जून २०२५ या दोन्ही वेळी भारताने संवाद आणि राजनय हाच मार्ग असल्याचे सांगितले. दोन्ही पक्षांना जवळ आणावे, दूर लोटू नये, असा सूर होता. हे ऐकायला रास्त वाटते. पण १९९३ पासून संवादाच्या तीस वर्षांत वसाहतवासी १ लाख १० हजारांवरून ५ लाखांवर गेले. एका पक्षाच्या हाती जमीन, पाणी, परवाने, नाके आणि सैन्य असेल, तर दिरंगाईचा लाभ त्यालाच मिळतो. मुदत नसलेला संवाद म्हणजे ताब्याला मुदतवाढ.

तिसरे कारण कायद्याचे. २०१५ मध्ये सरकारने सांगितले की ठरावात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा उल्लेख आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. एखाद्या देशावर नेमलेल्या चौकश्यांबाबत भारत पूर्वीपासून सावध आहे, कारण उद्या काश्मीरचे नाव पुढे करून तेच हत्यार आपल्यावर चालवले जाईल अशी धास्ती आहे. पण हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय फौजदारी नाही. भारत त्याच्या मूळ नियमावलीचा भागीदार आहे, तिथे आपला न्यायाधीश बसतो आणि कुलभूषण जाधव यांच्यासाठी आपण त्याच न्यायालयाचे दार ठोठावले. १७ जुलै २०१९ रोजी तिथे १५ विरुद्ध १ असा निकाल आपल्या बाजूने लागला तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले. आपल्या नागरिकासाठी जे न्यायालय मोठे, ते पॅलेस्टिनींसाठी लहान कसे होईल?

चौथे कारण फारसे बोलले जात नाही, पण सर्वांत वजनदार तेच आहे: आपले हितसंबंध.

शस्त्रे, बंदर, कामगार

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या हिशेबानुसार २०२० ते २०२४ या काळात इस्रायलने निर्यात केलेल्या शस्त्रांपैकी ३४ टक्के भारताने घेतली. भारत हा त्याचा सर्वांत मोठा ग्राहक. आपल्या आयातीत मात्र इस्रायलचा वाटा १३ टक्के. रशियाचा ३६ आणि फ्रान्सचा ३३. कारगिलच्या लढाईत इस्रायलने निकडीच्या वेळी मदत केली, हे आपले लष्कर विसरलेले नाही आणि विसरूही नये.

पण हेच दोन आकडे उलट बाजूने वाचले तर वेगळा अर्थ निघतो. आपल्याला इस्रायलची जेवढी गरज आहे, त्यापेक्षा त्याच्या शस्त्रउद्योगाला आपली गरज जास्त आहे. सर्वांत मोठा ग्राहक स्पष्ट बोलला म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. शिवाय सप्टेंबर २०२४ चा ठराव इस्रायलकडून शस्त्रे घेण्याबद्दल नव्हता, त्याला देण्याबद्दल होता. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत असल्याचे सांगून. म्हणजे जबाबदारी पुन्हा सरकारकडेच आली.

व्यापाराचे आकडे असे: १९९२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलर, २०२२–२३ मध्ये संरक्षण सामग्री वगळून १,०७७ कोटी डॉलर, युद्धामुळे २०२३–२४ मध्ये ६५३ कोटी. जानेवारी २०२३ मध्ये अदानी समूहाने इस्रायली भागीदारासह ११८ कोटी डॉलरना हैफा बंदर घेतले. त्यात ७० टक्के हिस्सा अदानींचा. मे २०२३ मध्ये ४२ हजार भारतीय कामगारांना इस्रायलमध्ये काम देण्याचा करार झाला. ७ ऑक्टोबरनंतर इस्रायलने वेस्ट बँकेतील सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये रोहतक व लखनौला गवंडी, फरशी बसवणारे, लोखंड वाकवणारे यांच्या चाचण्यांसाठी रांगा लागल्या. त्या रांगेतल्या तरुणाला दोष देता येत नाही. त्याला घर चालवायचे आहे. पण एका समाजाची रोजी ताब्याच्या हुकमाने बंद होते आणि त्या जागी आपली माणसे पाठवली जातात, तेव्हा आपण या प्रश्नात तटस्थ उरत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत २०१८ पासून दरवर्षी ५० लाख डॉलर देतो. आधी ही रक्कम साडेबारा लाख होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी रामल्लाला गेले, तिथे जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. तेव्हा सुमारे ५ कोटी डॉलरचे करार झाले. त्यात बैत साहूरच्या रुग्णालयासाठी ३ कोटी होते. युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर २०२३ पर्यंत ७० टन मदतसामग्री गेली. हे सारे मोलाचे आहे. निर्वासित संस्थेवर जगभरातून टीका होत असतानाही भारताने निधी चालू ठेवला, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण मापाचे भान हवे: २०२२–२३ च्या व्यापाराशी तुलना केली तर ५० लाख डॉलर म्हणजे सुमारे चार तासांची उलाढाल.

सप्टेंबर २०२५ चे पाच दिवस

८ सप्टेंबर २०२५, नवी दिल्ली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी द्विपक्षीय गुंतवणूक करारावर सह्या केल्या. दोन्ही देशांची परस्पर गुंतवणूक तेव्हा सुमारे ८० कोटी डॉलर होती. स्मोट्रिच केवळ अर्थमंत्री नाहीत. वेस्ट बँकेतील वसाहतींचा कारभार त्यांच्या हाती आहे आणि ते स्वतः एका वसाहतीत राहतात. १० जून रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे या पाच देशांनी पॅलेस्टिनींविरुद्ध हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल त्यांच्यावर निर्बंध लादले होते. ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला ‘ई-१’ भागात सुमारे ३,४०० घरांच्या योजनेला मंजुरी मिळाली. तिने पॅलेस्टाईन राष्ट्राची कल्पनाच गाडली जाईल, असे स्मोट्रिच यांनी उघडपणे सांगितले होते.

त्याच ८ सप्टेंबरला माद्रिदमध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी नऊ उपाय जाहीर केले. त्यांत इस्रायलशी शस्त्रव्यवहारावर कायद्याने बंदी आणि वसाहतींतील मालाच्या आयातीवर बंदी होती.

११ सप्टेंबरला बिन्यामिन नेतान्याहू यांनी माले अदुमीम या वसाहतीत जाऊन ‘ई-१’ च्या करारावर सही केली आणि पॅलेस्टाईन राष्ट्र होणार नाही असे जाहीर केले.

१२ सप्टेंबरला भारताने न्यूयॉर्क जाहीरनाम्याला मत दिले. वसाहती थांबवा, प्रदेश गिळंकृत करू नका, असे त्यात आहे. हिंसक वसाहतवाद्यांवर आणि बेकायदा वसाहतींना बळ देणाऱ्यांवर निर्बंध आणण्याची भाषाही आहे.

दिल्लीतली सही आणि न्यूयॉर्कमधले मत यांत चार दिवसांचे अंतर. मत दिले ते बरोबरच केले. पण ज्या मंत्र्याने त्या राष्ट्राची जमीन तुकड्यातुकड्याने संपवण्याचे काम अंगावर घेतले आहे, त्याच्याबरोबरचा करार व्यवहारात उतरतो आणि मत कागदावर राहते.

जे मान्य केले तेच अमलात आणावे

नव्या घोषणांची गरज नाही. ‘शांततामय सोडवणूक’ या नावाचा आमसभेचा ठराव वर्षानुवर्षे येतो आणि भारत त्याला मत देतो. इस्रायलची भूमी आणि १९६७ पासून व्यापलेला प्रदेश यांत सर्व देशांनी आपल्या व्यवहारांत फरक करावा, वसाहतींना साह्य करू नये, अशी मागणी त्यात अनेक वर्षांपासून आहे. म्हणजे ही अट आपण आधीच मान्य केलेली आहे.

तिच्यातून तीन कामे निघतात. एक, करारांत फरक लिहिणे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांच्या तेल अवीव भेटीत मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींची चौकट ठरली. करारातील सवलती वसाहतींमधील मालाला आणि उद्योगांना लागू नाहीत, हे एक कलम त्यात घालता येते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये संशोधन निधीबाबत आणि २०१५ मध्ये मालावरच्या लेबलबाबत असा फरक केला. म्हणून त्यांचा इस्रायलशी व्यापार बंद पडला नाही.

दोन, कामगारांना संरक्षण. भारतीय कामगार व्याप्त प्रदेशातल्या बांधकामावर जाणार नाही, ही अट भरतीच्या करारात हवी. ती त्या कामगाराच्या जिवाच्या दृष्टीनेही गरजेची आहे.

तीन, न्यायालयाचा मान. हेगच्या मताच्या अंमलबजावणीचा ठराव पुन्हा येईल. तेव्हा २००४ मध्ये जे केले ते करावे.

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात, सुरक्षा परिषदेच्या कायम जागेसाठी आफ्रिका आणि आशियाची मते आपल्याला हवी आहेत. ज्यांची मते हवीत त्यांपैकी बहुतेक देश त्या १२४ मध्ये होते. म्हणजे हिताचा हिशेबही एका बाजूला झुकलेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली तोवर गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ६७ हजारांहून अधिक माणसे मारली गेली होती. युद्धबंदीने बॉम्बवर्षाव आवरेल. वेस्ट बँकेचा ‘क’ विभाग, परवाने, नाके आणि वसाहती जिथल्या तिथे राहतील. १९४७ मध्ये १३ जणांत उभे राहण्याची हिंमत एका गरीब, रक्तबंबाळ, नवस्वतंत्र भारताने दाखवली होती. आजच्या भारताला एवढ्या एकटेपणाची गरज नाही, कारण जगातले बहुसंख्य देश आधीच त्या बाजूला आहेत. त्याने फक्त स्वतःच दिलेल्या मतांना स्वतःच्या व्यवहारात उतरवायचे आहे.